न निवडणारं यंत्र

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मे महिना होता आणि त्यांच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता.

लातूरच्या त्या कॉलेजच्या मागच्या अंगाला एक दगडी खोली होती. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हे गृहस्थ स्वेटर घालून, अनवाणी, खोलीच्या दारात उभे. मला वाटलं, आतल्या मायक्रोस्कोपला गारवा लागत असेल. आत गेलो तर भट्टी. शिपाई गफूरभाईंना मी हळूच विचारलं, "सरांना हिवताप हाय का?"

"न्हाई," गफूरभाई म्हणाले. "आज कपाटात वर स्वेटर निघाला."

याचा अर्थ मला पुढं आठवडाभरानं कळला. सर निवडत नसत. कपाटात जो कपडा वर असेल तो अंगात जायचा. गंजगोलाईच्या बाजारात भाजीला गेले की ढिगाच्या वरचे टमाटे उचलायचे; दाबून बघणं नाही, उलटसुलट करणं नाही. भाजीवाल्या बायका सर लांबून येताना दिसले की नासके टमाटे हळूच वर रचत. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या नासका भाग कापून टाकत मला सांगायच्या, "मला बघायला आले तर मान वर केली न्हाई ह्यांनी. पोह्याची बशी संपवली आन् म्हणले, हाव, पसंत."

"मग?"

"मग काय. टमाट्यापरास बरी निघाले मी."

वर्गात प्रश्न विचारायचे तर सरांच्या खिशात काडेपेटी असे. तिच्यात साऱ्या हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या. डोळे मिटून एक काढायची आणि तो पोरगा उभा करायचा. एकाची चिठ्ठी लागोपाठ तीन दिवस निघाली. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, अन्याय हाय हा."

"अन्याय केला असता तर तुला सोडला असता," सर म्हणाले, आणि त्याला प्रकाशाचं वक्रीभवन विचारलं.

सर मूळचे नांदेडचे, मीही नांदेडचा, पण ओळख लातूरची. माझा नांदेडला फोटो स्टुडिओ होता. माझ्या आज्याला गावात लोक वरून ओंजळीत पाणी टाकायचे. आमच्या वडिलांनी धर्म बदलला, मला शिकवलं, आणि मी त्याच गावच्या मोठ्यामोठ्या लोकांच्या हनुवट्या एका बोटानं वर करून "जरा हसा" म्हणायला लागलो. स्टुडिओत माझं खास काम रिटचिंगचं. टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे देवीचे वण घालवायचे, पिचकं नाक सरळ करायचं. कित्येक लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमवली. पुढं भागीदाराशी बिनसलं, दुकान मोडलं, आणि लातूरच्या कॉलेजात डार्करूमला माणूस पाहिजे असं कळल्यावर मी बायकोला घेऊन इकडं आलो. रिटचिंग करणाऱ्याला तेव्हा आर्टिस्ट म्हणायचे. सरांनी मला शेवटपर्यंत तेवढीच हाक मारली. त्या हाकेत कधी मान असायचा, कधी कान पिळलेला असायचा.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खरडून वर 'जि. लातूर' रंगवणं चालू होतं. गावभर ऑइल पेंटचा वास. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं पाहिजे होतं. आमच्या प्राचार्यांनीही मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेला अर्ज केला होता की मागास भागातल्या कॉलेजला काहीतरी मोठं द्यावं. त्यांनी खरंच मोठं दिलं. त्यांच्याकडचा जुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, माणसापेक्षा उंच, लोखंडी नळकांड्यासारखा, त्यांनी उसना म्हणून ट्रकवर घालून पाठवला. कॉलेजात त्याच्याजवळ जायची छाती फक्त सरांची झाली. तीन महिने ते त्याचा एकेक स्क्रू काढून पुन्हा लावत होते म्हणे.

साध्या मायक्रोस्कोपमध्ये उजेडानं बघतात, ह्यात विजेच्या कणांनी. तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर थेंब वाळवून आत सोडायचा की खालच्या हिरव्या पडद्यावर रेणूसुद्धा दिसतात; मोठे असले तर. सरांना मोठा रेणू पाहिजे होता आणि तो कुठं मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. गांडुळाच्या रक्तात. माणसाच्या रक्तातला लाल रंग धरणारा रेणू लहान असतो, गांडुळाचा त्याच्या कितीतरी पट अवाढव्य. तो नेमका कसल्या घडणीचा, चहूबाजूंनी कसा दिसतो, हे सरांना काढायचं होतं.

अडचण एवढीच होती की जिल्ह्यात गांडूळ नव्हतं. पावसानं सलग पाठ फिरवली होती. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, विहिरींच्या तळाला भेगा. गांडुळं जमिनीत कुठल्या कुठं खोल गेली होती. आम्ही कॉलेजची बाग खणली, नर्सरी खणली, शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून जीपनं देवणीला गेलो. तिथं एका म्हाताऱ्या मावशींच्या गोठ्यात देवणी जातीची एक देखणी गाय होती, आणि तिच्या हौदाला बारीकशी गळती होती. हौदाखाली हातभर ओल. सर त्या चिखलात गुडघे टेकून बसले.

"काय हुडकायलाव वं मास्तर?" मावशींनी विचारलं.

"गांडूळ."

"मासं धरायला? पर पानी कुटं हाय मासं धरायला?"

"त्याच्या रक्ताचा फोटो काढायचा हाय, मावशी."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी गळ्यातला कॅमेरा दाखवला. "आदी माज्या गाईचा काडा," त्या म्हणाल्या. "मंग न्या रगत."

मी गाईचे चार फोटो काढले, एकदा मान इकडं, एकदा तिकडं. तोवर सरांनी नेहमीप्रमाणे चिखलात हात घालून जे पहिलं हाताला लागलं ते काढलं.

"त्यो मेलेला हाय," मावशी म्हणाल्या.

सरांनी ते मेलेलं गांडूळ हौदाच्या कडेवर ठेवलं. मग फार मोठा गुन्हा करत असल्यासारखं माझ्याकडं न बघता म्हणाले, "इथं निवडावं लागेल, आर्टिस्ट." सहा जिवंत गांडुळं ओल्या मातीत घालून आम्ही परत आलो.

काचेच्या प्लेटवर पहिले फोटो निघाले. मी डार्करूममध्ये ते धुतले. सगळीकडं भुरकट राखाडी, त्यात ठिपके, जसे पोळपाटावर सांडलेले मोहरीचे दाणे. भिंग लावल्यावर काही ठिपके गोल दिसत, काही आडव्या दोन काड्या एकमेकींवर ठेवल्यासारखे. गोलांपैकी एखादा असा की त्याला कडेनं पाकळ्या असाव्यात असं वाटावं. नुसतं वाटावं.

मला वाटलं आणि मी कामाला लागलो. सरांना खूश करायचं होतं. सगळ्यात चांगला एक ठिपका घेतला. फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरखाली कागद ठेवून एक सहावा हिस्सा उजेड दिला, कागद थोडा फिरवला, पुन्हा दिला, असं सहा वेळा, एक पूर्ण फेरी. कागद औषधात टाकला तर आतून सहा पाकळ्यांचं फूल वर आलं. असं रेखीव की माझ्या अंगावर काटा आला. राहिलेलं थोडंसं मी पेन्सिलीनं केलं. सवयच ती.

सर वर्गावर होते. तेवढ्यात प्राचार्य आले आणि ओला कागद माझ्या हातातून काढून घेऊन गेले. दोन दिवसांनी फूल गावातल्या पेपरात छापून आलं. चार दिवसांनी मोठी चौकट करून ते प्राचार्यांच्या खुर्चीमागं लागलं. आणि आठव्या दिवशी पाण्याचा टँकर आला.

टँकरचं सांगायला पाहिजे. मायक्रोस्कोपमधली भिंगं काचेची नसतात, तांब्याच्या तारांची वेटोळी असतात, आणि ती तापतात. त्यांच्याभोवती सारखं पाणी खेळवावं लागतं. तोवर बादल्यांनी पाणी ओतून यंत्र थोडा थोडा वेळच चालायचं. गावाला प्यायला नाही तिथं यंत्राला कुठून देणार? प्राचार्य तीन वेळा अर्ज करून थकले होते. पेपरातलं फूल बघून पाणी वाटपाच्या कचेरीतले साहेब म्हणे विरघळले. नव्या जिल्ह्याचं नाव होतंय, द्या त्यांना रोज एक टँकर.

सरांनी पेपर बघितला तो टँकर सुरू झाल्यावर, गफूरभाईंच्या डब्याखाली, भाकरीचा तुकडा मोडताना. हात तसाच राहिला. मला वाटलं, शाबासकी देतील. ते उठून डार्करूममध्ये आले, दार लावलं.

"आर्टिस्ट, हे कसं काढलंत?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी खाली वाकून फरशीवरची चिमूटभर धूळ काचेवर घेतली आणि एन्लार्जरमध्ये घातली. "आता हिला तसंच करा. सहा वेळा."

मी केलं. सहा पाकळ्यांचं फूल.

"आता पाच वेळा."

पाच पाकळ्यांचं फूल.

"आता सात."

सातही निघाल्या. तिन्ही कागद ओलेच दोरीवर लटकत होते, एकापेक्षा एक देखणे. सर लाल दिव्यात त्यांच्यासमोर उभे राहिले. "आता सांगा," ते म्हणाले, "गांडुळाचं रक्त कोणतं आन् फरशीची धूळ कोणती?"

मला फरशी फाटावी असं झालं. ते मात्र रागावले नव्हते. घाबरल्यासारखे दिसत होते. ते म्हणाले, "तुमच्या हातावर माझा राग न्हाई. माझ्याच डोळ्याचा भरवसा राहिला न्हाई मला. मी नॉब फिरवून जागा बघतो ना, तेव्हा जिथं गोल दिसून राहिलं तिथंच माझा हात थांबतो. आडव्या काड्या दिसल्या की पुढं जातो. म्हणजे मी पण फूलच हुडकून राहिलो. माणूस निवडायला लागला की सोयीचं निवडतो आन् मग त्यालाच खरं म्हणतो."

तसेच ते प्राचार्यांकडं गेले. मी मागोमाग.

"ते फूल खोटं हाय, साहेब. उतरवा."

प्राचार्य भला माणूस. ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर बोट दाखवलं. "सर, फूल खोटं असंल. टँकर तर खरा हाय ना?"

खिडकीबाहेर मायक्रोस्कोपच्या खोलीचा मागचा नळ होता. यंत्रातून फिरून कोमट झालेलं पाणी सरांनी तिथं बाहेर काढलं होतं, आणि पलीकडच्या तिन्ही गल्ल्यांच्या बाया तिथं घागरी घेऊन उभ्या होत्या. माझी बायकोही होती. टँकर आला तो यंत्रासाठी, पण पीत होती वस्ती. बायांनी त्याला 'मिशनीचं पाणी' नाव ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिथं भांडण झालं होतं. एका बाईनं दुसरीच्या घागरीला घागर लागली म्हणून आरडाओरड केली. सर अनवाणीच बाहेर गेले होते आणि म्हणाले होते, "बाई, हे पाणी आधीच यंत्राला शिवून आलंय. आता कोण कुणाला शिवलं ते बघत बसलात तर लाइट जाईल, आन् लाइट गेली की नळ बंद." लाइटची भीती खरी होती. रांग एक झाली ती झालीच.

सर त्या रांगेकडं बघत राहिले. मग प्राचार्यांना म्हणाले, "संस्थेची माणसं कधी येणार बघायला?"

"चार महिन्यांनी."

"चार महिने द्या. मी खरं काढतो. मग हे उतरवू."

त्या चार महिन्यांत सरांना प्राचार्यांच्या खोलीत जायची वेळ आली की ते आधी फुलाची चौकट भिंतीकडं तोंड करून फिरवत, मग खुर्चीवर बसत. निघताना पुन्हा सुलटी करून ठेवत.

आणि त्यांनी यंत्रालाच यंत्र जोडलं. कल्पना साधी होती. बघणाऱ्याच्या हातून निवड काढून घ्यायची. जागा यंत्रानं शोधायची, फोटो यंत्रानं घ्यायचा, ढीगही यंत्रानं लावायचे. भंगारातल्या टेलिप्रिंटरच्या दोन मोटरी त्यांनी जाळी सरकवणाऱ्या नॉबना बसवल्या. कॉलेजात एक लहानसा संगणक आला होता, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून चालवायचा. तो उचलून आणला. संगणकानं सांगायचं, इतकं सरक, थांब, फोकस कर, फोटो घे, नवी प्लेट ओढ, पुन्हा सरक.

पहिल्या दिवशी यंत्रानं आपसूक चोवीस फोटो काढले. मी धुतले. चोवीसच्या चोवीस काळेकुट्ट. यंत्र जाळीच्या तांब्याच्या दांडीवरच चालत गेलं होतं. सर खूश. "बघा, दांडी होती तर दांडीच काढली त्यानं. मी असतो तर बाजूला झालो असतो."

दुसऱ्या दिवशी सगळे फोटो फरकटलेले, धावत्या बसमधून काढल्यासारखे. मोटर थांबल्यावरही जाळी थोडा वेळ थरथरत होती. सरांनी 'थांब' ह्या हुकमाला एक मिनिट दिलं. टक्‌ करून मोटर सरकायची, मग मिनिटभर सगळं निपचित, मग फोटो. त्या मिनिटात खोलीत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. गफूरभाई चहा घेऊन आलेले असले तर कपबशी हातात धरून तसेच उभे. ते म्हणायचे, "बैलावानी हाय ह्ये मिशन. चार पावलं चालतंय आन् थांबतंय. आपण बी थांबायचं."

ढीग लावायला सरांनी आणखी वेगळी अक्कल काढली. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरमधला फोटोसेल, जो फिल्मच्या कडेवरचा आवाज वाचतो, तो त्यांनी मागून आणला. तो माझ्या धुतलेल्या प्लेटवरून ओळीनं फिरायचा, कुठं उजेड कुठं अंधार ते संगणकाला सांगायचा, आणि संगणक प्रत्येक ठिपक्याला आकारावरून ह्या नाहीतर त्या ढिगात टाकायचा आणि तो किती फिरवून लावायचा तेही सांगायचा. मग माझं काम. एका ढिगातले सगळे ठिपके एकाच कागदावर एकावर एक छापायचे, प्रत्येकाला निमिषभर उजेड. एकट्या ठिपक्यात जे चुकून आलेलं असतं ते असं करताना पुसलं जातं, आणि सगळ्यांत जे आहे तेवढं राहतं. संगणक देईल त्या क्रमानं मी छापत गेलो. पेन्सिल सरांनी माझ्याकडून काढून घेतली होती. माझी बोटं वळवळायची.

ढीग तीन झाले. गोल, काड्यांचे, आणि तिसऱ्यात ते जे कशातच बसत नव्हते. त्यांचं सरांनी पाकीट केलं आणि वर लिहिलं, 'न बसलेले'.

संस्थेची माणसं आली. तिघं होते. त्यात मुख्य एक वयस्क बाई, सुती साडी, चश्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. प्राचार्यांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. त्यांनी चश्मा चढवला तो थेट खुर्चीमागच्या चौकटीवर.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "सहा पाकळ्या! इतकं स्वच्छ चित्र आमच्याकडेही निघालेलं नाही."

प्राचार्य फुलले. सर जमिनीकडं बघत होते. त्यांनी चार महिन्यांत एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं की ते फूल कुणाच्या हातचं. आताही सांगणार नाहीत, स्वतःच्या अंगावर घेतील, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं. बाहेर टँकर लागला होता, घागरींचा आवाज येत होता. बोललो तर तो आवाज बंद होईल, असं मनात आलं. माझ्या बायकोची घागरही त्यात होती. पण सर तोंड उघडायच्या आत मला उघडणं भाग होतं.

"म्याडम," मी म्हणालो, "त्ये मी काढलंय."

"छान काढलंय."

"तसं न्हाई. काढलंय म्हंजे... हातानं काढलंय."

 मी फिरवलेला कागद, पेन्सिल, सगळं सांगून टाकलं.  बाईंनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सरांना विचारलं, "आणि खरं कुठे आहे?"

सरांनी काखेतल्या वहीतून दोन कागद काढून पुढं ठेवले. माझ्या फुलापुढं ते अगदीच गरीब दिसत होते. धुक्यातून पाहिल्यासारखे. एकावर गोल, मधे भोक, कडेला फुगीर जागा. मोजल्या तर सहा. दुसऱ्यावर एकावर एक दोन जाड पट्ट्या. म्हणजे रेणू दोन थरांचा, वरून बघितला तर सहा भागांचा.

"हे कण कसे निवडलेत?"

"निवडले न्हाईत. यंत्रानं जिथं पाऊल टाकलं तिथले सगळे."

"टाकून किती दिले?"

"एकही न्हाई." सरांनी 'न बसलेले' पाकीट काढून दिलं.

त्या पाकिटातले फोटो बाईंनी जितका वेळ बघितले तितका वेळ ते दोन कागदही बघितले नव्हते. शेवटी मान वर करून म्हणाल्या, "सहाच निघाल्या की. मग ह्यांचं फूल चुकलं कुठे?"

"उत्तर बराबर हाय," सर म्हणाले. "कॉपी करून लिवलंय."

बाई खळखळून हसल्या. इतक्या, की प्राचार्यांनाही धीर आला.

पण निकाल आमच्या विरुद्ध लागला. त्यात बाईंचा दोष नव्हता. माणसांना पाणी नाही तिथं हे यंत्र ठेवणं बरोबर नाही, त्या म्हणाल्या. ते परत न्यावं लागेल, आणि सरांच्या मोटरी, संगणक, फोटोसेल, सगळं त्याच्यासोबत. त्यांना ती जोडणी त्यांच्या नव्या मायक्रोस्कोपलाही करून बघायची होती. "तुम्हीही चला," त्या सरांना म्हणाल्या. "हे चालवायला माणूस लागेल."

कोणीही उडी मारली असती. सरांनी मग मान हलवली. "माणूस लागत न्हाई, बाई. माणूस लागू नये म्हणूनच बनवलंय."

"तरीपण सुरुवातीला—"

"लागत न्हाई. लागतो म्हणलो तर खोटं होईल. प्लेटा धुवायला मात्र माणूस लागतो. आर्टिस्टना न्या. हात चांगला हाय." मग थोडं थांबून, "पण निवडायला देऊ नका."

मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं. स्वतःची नोकरी त्यांनी माझ्या झोळीत टाकली होती आणि वर माझी अब्रूही काढली होती. आनंद कशाचा करावा ते कळेना. दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणालो, "सर, तुमी जायला पायजे होतं."

"मला हितं तास हायत," ते म्हणाले आणि काडेपेटी हलवून दाखवली.

ट्रक आला, यंत्र गेलं. मला पावसाळ्यानंतर रुजू व्हायचं होतं म्हणून मी मागं राहिलो, आणि पुढचं मला डोळ्यांनी बघता आलं.

यंत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर आला.

सरांनी ड्रायव्हरला सांगितलं, "मिशन गेलं, बाबा."

"मला वरून कुणी काय सांगितलं न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "पानी माघारी न्यू का?"

नळापाशी बाया उभ्या होत्या. सगळ्या सरांकडं बघत होत्या. ड्रायव्हरनं रोजची छापील पावती पुढं केली, 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी पाणी मिळाले', खाली सहीची जागा. सरांची त्या क्षणी जी ओढाताण झाली ती मी कधी विसरणार नाही. पेन उघडलं, बंद केलं, उघडलं. मग छापलेलं वाक्य खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'यंत्र येथे नाही. पाणी मिळाले. लोकांनी भरले.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा.

ड्रायव्हरनं न बघता घडी घातली आणि खिशात कोंबली. घागरी भरल्या.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. सरांनी तेच लिहिलं. चौथ्या दिवशीही. मी म्हणालो, "सर, एवढं खरं लिवायची काय गरज? एक दिवस कुणीतरी वाचंल आन् पानी बंद हुईल."

"कुणी वाचलं तर बंद होईलच," ते म्हणाले. "पण न वाचता चालू राहिलं तर त्यात माझा काय दोष?" तोंडावर हसू नव्हतं, डोळ्यांत होतं. सुट्ट्या लागल्या तरी ते रोज पावतीपुरते यायचे. टँकर सगळा उन्हाळा आला. पुढं पाऊस झाला, नळाला पाणी आलं, आणि टँकर आपला आपणच थांबला.

माझी निघायची तयारी चालू होती तेव्हा पाणी वाटपाच्या कचेरीतून पत्र आलं. 'यंत्र उपलब्ध नसताना पाणी घेतल्याबाबत खुलासा करावा.' प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. सर मात्र पत्र हातात घेऊन उभ्या उभ्या डुलायला लागले. "वाचलं!" ते म्हणाले. "आर्टिस्ट, वाचलं कुणीतरी! चला."

आम्ही कचेरीत गेलो. पत्र काढणारा कारकून नवाच लागलेला होता, शिरूर अनंतपाळचा. समोर पावत्यांची चवड, दोऱ्यानं बांधलेली. सरांना बघून तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं, हे रागावून आलेत.

"सगळ्या वाचल्यास?" सरांनी विचारलं.

"हाव सर. एकाहत्तर."

"मधल्या सोडल्या न्हाईस?"

"न्हाई."

"पहिली वाचून समजलं नव्हतं का?"

"समजलं की. पर बाकीच्यांत काय लिवलंय ते वाचल्याबिगर कसं म्हणायचं, सर?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा असा की जणू आत्ताच औषधातून वर आला आहे. "मी चार महिने भंगाराच्या मोटरी जोडून राहिलो," ते म्हणाले. "आन् हा हितं बसला होता!"

कारकुनाला काही उमगलं नाही. त्यानं घाबरतच पत्राची कार्यालयीन प्रत पुढं सरकवली. "सर, खुलासा लेखी लागतो."

सर बाकावर बसले.  मग पेन उघडलं आणि खाली एकच ओळ लिहिली: 'वाचल्याबद्दल आभारी आहे.' सही, पूर्ण नाव, हुद्दा.

कारकुनानं कागद उचलला आणि आम्ही उभे असतानाच, तारखेपासून सहीपर्यंत, सगळा वाचला.